लाल पुडी, हिरवी पुडी

शेवंती आतेने होळीच्या जेवणाचा मोठा तोप अंगणात ओढून आणला, तेव्हा मी नुकतीच शाळेतून आले होते आणि दप्तर अजून पाठीवरच होतं. तो तोप उगीच बाहेर निघत नाही. त्यात एका वेळी अख्ख्या खवळेवाडीचा भात शिजतो. पण त्या दिवशी होळी नव्हती, लग्न नव्हतं, साधं बारसंसुद्धा नव्हतं. तरी अंगणात गर्दी, आणि गर्दीत सगळे 'काठावरचे'.

काठावरचे म्हणजे ज्यांची साखर काठावर आहे ते. डायबेटिस झालेला नाही, पण तो दारात चपला काढून उभा आहे आणि कुठल्याही क्षणी आत येईल, असे. आमच्या वाडीत असे बरेच निघाले होते. माझे पप्पा त्यांत होते आणि त्यांची मोठी बहीण शेवंती आतेही होती.

आते एकेक पुडी दाताने फाडून तोपात उपडी करत होती. लाल पट्टीची, मग हिरव्या पट्टीची, परत लाल. बदामी रंगाची भुकटी उडत होती आणि अंगणभर संत्र्याच्या गोळीचा वास पसरला होता. सगळ्या पुड्या रिकाम्या झाल्यावर तिने करवंटीची डवली घेतली आणि तोप ढवळायला लागली.

मी म्हटलं, "आते, तां मिसळूचां नाय. मॅडमनी सांगल्यानी हा."

कोणी ऐकलंच नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. मी तेव्हा आठवीत होते आणि माझा आवाज असा होता की मी 'हजर' म्हटलं तरी बाई माझी गैरहजेरी लावायच्या. मग मी तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तेव्हा आतेने डवली थांबवली.

"एकाक मासो आणि एकाक पीठ?" ती म्हणाली. "ह्या वाडीत?"

झालं. पुढे बोलायला जागाच उरली नाही. तिने निळं प्लास्टिक अंथरलं आणि वाळूवर माशांचे वाटे लावते तसे भुकटीचे वाटे लावायला बसली.

आतेचं हे वागणं कळायला आमची रापण माहीत हवी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकत जाते, आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर माणसं ओढतात. जाळं वर आलं की मासळीचे वाटे लागतात, आणि त्याचा नियम आमच्याकडे बोलायला लागलेल्या पोरालाही पाठ असतो: जेचो हात दोरीक, तेचो वाटो. मग तो हात म्हाताऱ्याचा असो, विधवेचा असो, की दोरीला नुसत्या लोंबकळणाऱ्या पोराचा. तुझ्या ओढण्याने जाळं किती पुढे आलं, असं कोणी कोणाला विचारत नाही. वाटे लावायचं काम आतेचं. एका वाट्यात बांगडा जरा मोठा पडला तर शेजारच्यात चार पेडवे जास्त टाकून ती हात झटकते, आणि तो वाटा बरोबर असतो. तिच्या वाट्यावरून भांडण झालेलं कोणाला आठवत नाही. नवरा-बायकोची भांडणंसुद्धा लोक तिच्याकडे आणतात, वाटे करून द्यायला.

अशा वाडीत देवस्थळी मॅडम दोन रंगांच्या पुड्या घेऊन आल्या.

मॅडम शहरातल्या एका संशोधन संस्थेतल्या. चष्मा, कॉटनची साडी. वाळूत रुतणाऱ्या चपला हातात घेऊन चालायची सवय त्यांनी पहिल्याच फेरीत लावून घेतली, म्हणून त्या वाडीला आवडल्या. त्यांच्या संस्थेने बारीक माशांपासून प्रोटीनची भुकटी बनवली होती. ती रोज न्याहारीच्या आधी पाण्यातून घेतली तर काठावरच्यांची साखर काठावरच थांबते का, मागे सरकते का, हे त्यांना बघायचं होतं. अर्ध्या लोकांना ती भुकटी आणि अर्ध्यांना दिसायला, चवीला तशीच पण बिनमाशाची. तीन महिने घ्यायची आणि मग रक्त तपासायचं. कोणत्या रंगाच्या पुडीत काय आहे हे मॅडमनाही माहीत नव्हतं; ते संस्थेत दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं होतं. "हे औषध नाही," त्यांनी सोसायटीच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. "याचा फायदा होतो का, हेच आपल्याला मिळून शोधायचं आहे." वाडीने मान डोलावली आणि त्यातला 'फायदा होतो' एवढाच भाग घरी नेला.

मासळीचा वास जाऊन संत्र्याचा यावा अशी त्यांनी सोय केली होती. तो वास खवळेवाडीपासून का लपवायचा, हे कोणाला कळलं नाही. पहिला ग्लास प्यायल्यावर पप्पा म्हणाले, संत्र्याने दर्यात जीव दिलो.

पहिला आठवडाही पुरता सरला नव्हता आणि सगळ्यांना 'कळलं' होतं की मासा लाल पुडीत आहे. कसं? तर ताज्या मासळीचे कल्ले लाल असतात. हिरवे कल्ले कोणी पाहिलेत? म्हणजे हिरवी पुडी खोटी. हा शोध पाणवठ्यावर लागला आणि संध्याकाळपर्यंत त्याचं शास्त्र झालं.

आतेला लाल पुडी आली होती आणि पप्पांना हिरवी.

माझ्या आजोबांना साखर होती. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांची गोष्ट आमच्या घरात कोणी सांगत नाही यावरूनच ती किती वाईट असेल ते मला कळायचं. मम्मीकडून एकदाच ऐकलं: आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, मग आजोबा. त्यांची जखम धुवायची ती आते. तेव्हा ती माझ्याएवढी होती. आता तिच्या भावाला खोटी पुडी आणि तिला खरी, हे तिला कसं गिळवणार? म्हणून तो तोप निघाला. तिला फसवाफसवी करायची नव्हती. वाडीतली सगळ्यात सरळ बाई होती ती, आणि म्हणूनच कोणी तिला अडवलं नाही.

दर खेपेला पुड्या आल्या की तोप निघायचा. रिकाम्या पुड्या आपापल्या रंगाप्रमाणे नीट चेपून मॅडमना परत जायच्या.

त्या तीन महिन्यांत माझ्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे विज्ञानाच्या तासाला आम्ही मूग पेरले. एक कुंडी उन्हात, एक काळोखात. आमच्या वर्गातल्या एकीला काळोखातल्या मुगांची दया आली आणि ती रोज मधल्या सुट्टीत दोन्ही कुंड्या उन्हात ठेवायला लागली. दोन्हीकडे छान हिरवेगार कोंब. बाईंनी विचारलं, "आता ऊन लागतं की नाही लागत, काय कळलं?" आम्ही आळीपाळीने दोन्ही कुंड्यांकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "काहीच कळलं नाही. मूग मात्र उगवले." त्या दिवशी घरी येताना मला तोप आठवला आणि मी वाटेत थांबलेच.

दुसरी गोष्ट म्हणजे कबड्डी. एक मुलगी आजारी पडली म्हणून सरांनी मला संघात घेतलं. समोरच्यांच्या अंगणात घुसून, एका श्वासात, सगळ्यांना ऐकू जाईल असं 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. आवाज तुटला की बाद. पहिल्या दिवशी मी तीनदा बाद झाले. सर म्हणाले, दुर्वा मेथर, तू देवाला नवस बोलत्येस की चढाई करत्येस? महिनाभरात माझा आवाज मैदानाच्या पलीकडे काजूच्या कारखान्यात मम्मीला ऐकू जायला लागला. खोटं वाटेल, पण तिनेच सांगितलं.

आणि पप्पा? पप्पा मजेत होते. मॅडमनी पहिल्याच तपासणीनंतर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुम्ही अगदीच कडेला आहात, भात-साखर आवरा, तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून या. पप्पा डॉक्टरांकडे गेले नाहीत. चहात साखर पूर्वी दोन चमचे पडायची, आता चार. भाताचा डोंगर, वर गूळ-खोबरं, दुपारी आंबे. मम्मी काही बोलली की उत्तर तयार.

"पुडी खातंय मां!"

पुडी खातोय ना, मग कसली काळजी. हे वाक्य ते इतकं म्हणायचे की आमचा पोपट असता तर तोही म्हणाला असता. त्यांना तहान फार लागायची, ते म्हणायचे ऊन वाढलंय. ते बारीक झाले, तर म्हणाले बघा, पुडीने पोट उतरलं.

मग एके दिवशी खडकाला चिकटलेल्या कालवाच्या धारदार शिंपल्याने त्यांचा पाय कापला, करंगळीच्या मुळाशी. आमच्याकडे हे रोजचंच. दोन दिवस हळद, तिसऱ्या दिवशी विसरायचं. पण ती जखम कोणाला विसरू देईना. मी ती पाहिली ती एकदा पप्पा पडवीत पाय धूत होते तेव्हा. कडा पांढऱ्या, मध्ये काळपट, आणि वास. मासळीच्या वासात वाढलेली मुलगी आहे मी, मला वासाचं कौतुक नाही. पण तो वास वेगळा होता.

मी विचारलं, दुखतं का? ते म्हणाले, अजिबात नाही. तेच तर मला जास्त वाईट वाटलं. एवढी जखम आणि दुखत नाही? मी मम्मीला सांगितलं, तिने त्यांना सांगितलं, ते हसले. मी आतेला सांगायला गेले तर ती म्हणाली (पप्पांना ती बाळग्या म्हणते), बाळग्या पुडी खाता, भरून येतली. पण ते म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. त्यानंतर पप्पा पाय धुवायला माझ्यासमोर बसायचे बंद झाले.

शेवटच्या रक्ततपासणीच्या आदल्या संध्याकाळी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन वामनकाका मोंडकर जाळी विणणाऱ्यांत येऊन बसले. भुकटी गुणकारी ठरली तर ती बनवायची शेड अशाच एखाद्या वाडीत उभी राहू शकते, असं मॅडम बोलण्याच्या ओघात म्हणाल्या होत्या. वामनकाकांनी त्यातलं 'तर' आणि 'शकते' काढून टाकून वाडीतल्या बायकांना कामंही वाटून दिली होती. आता त्यांनी सगळ्यांना बजावलं: उद्या मॅडम विचारतील, तेव्हा एकच सांगायचं. आपापली पुडी आपण खाल्ली. तोपाचं नाव काढायचं नाही.

सगळ्यांनी होकार दिला. आतेनेही दिला, पण सुई दोऱ्यात अडकल्यासारखी तिची बोटं थांबली होती. मी तिच्या शेजारीच बसले होते.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मॅडम टेबल मांडून बसल्या. रक्त घ्यायला एक नर्स होती. प्रत्येकाला मॅडम विचारायच्या, तुमच्याच रंगाची पुडी घेतलीत ना? कधी चुकली? कधी बदलली? आणि प्रत्येक जण 'व्हय, व्हय' म्हणून हात पुढे करायचा. आतेने 'व्हय' म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलले.

मी दारात उभी होते. शाळेला त्या दिवशी मी दांडी मारली होती, आयुष्यातली पहिली. पप्पा रांगेत होते आणि माझं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं, कारण पायांत बूट होते. माझ्या चुलतभावाचे जुने कॅनव्हासचे बूट. माझ्या पप्पांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा चपला हातात धरल्या होत्या, फोटो आहे. भर उन्हाळ्यात, वाळूतून, ते बूट घालून आले होते आणि अख्ख्या शेडमध्ये एकालाही त्याचं नवल वाटत नव्हतं. की वाटत होतं?

त्यांची पाळी आली. त्यांनी हसून सांगितलं, आपलीच पुडी खाल्ली, हिरवी, एक दिवस चुकली नाही.

"काही त्रास? कुठे जखम वगैरे?" मॅडमनी विचारलं.

"कायेक नाय."

"खोटं," मी म्हटलं.

पहिल्यांदा कोणी वळलंही नाही. मी छाती भरून श्वास घेतला, जसा मधली रेषा ओलांडताना घेते तसा.

"मॅडम, कोणीच आपापली पुडी खाल्ली नाही. पहिल्या आठवड्यापासून सगळ्या पुड्या एका तोपात ओतून, ढवळून, सारखे वाटे केले, लाल आणि हिरवी असं काही उरलंच नाही, दोन्ही कुंड्या उन्हात ठेवल्यासारखं झालं, आता तुम्ही रक्त तपासाल आणि दोन्ही रंगांचं सारखंच येईल आणि भुकटी चांगली असली तरी तुम्ही म्हणाल की काही उपयोग नाही, आणि वाईट असली तरी कोणाला कळणार नाही."

एका श्वासात. बाद झाले नाही.

वामनकाका उठले. ते ओरडले नाहीत. चेअरमन माणूस, ओरडायची सवय नाही.

"चेडवा, भायर जा. ह्यां मोठ्यांचां काम हा."

"मी दर रविवारी दोरी ओढतंय, वामनकाका," मी म्हटलं. "जेचो हात दोरीक, तेचो वाटो. मासळीत माका वाटो हा, तर ह्याच्यातय हा."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मी आतेकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं झालं नसतं. सरळ टेबलापाशी गेले.

"पप्पा, बूट काढा."

"दुर्वा, घराक जा." अगदी हळू आवाजात. पप्पा मोठ्याने रागावले की ते खोटं असतं. हळू बोलले की खरं.

मी घरी गेले नाही. मी खाली बसले आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडली. ते पाय मागे घेऊ शकले असते. मला एका लाथेत दारापर्यंत पोचवू शकले असते, रापणीची होडी ढकलणारा पाय तो. पण त्यांनी पाय हलवला नाही. बूट निघाला तसा तो वास आला, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. मासळी विकणाऱ्या बायकांनी.

करंगळी काळी पडली होती.

नर्स झटकन उठली. मॅडम वाकून बघायला लागल्या. पण सगळ्यांच्या आधी तिथे आते पोचली होती. ती उकिडवी बसली, तिने भावाची टाच तळहातावर घेतली, आणि काळ्या करंगळीभोवतीची वाळू पदराने पुसली. मग ती कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली,

"बाबांचो पाय असोच होतो."

पप्पांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला.

"पुडी खाय होतंय मां मी," ते म्हणाले, लहान मुलासारखं.

"बाळग्या, ऊठ," आते म्हणाली. "गाडयेत बस."

मॅडमच्या जीपमधून त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मम्मीला कारखान्यात बोलावणं गेलं. जीप वळवेपर्यंत मॅडम शेडच्या पायरीवर आतेजवळ उभ्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी विचारलं, असं का केलंत?

"मॅडम, एका पंगतीत एकाक भात वाडूचो आणि दुसऱ्याक भुसो, ह्यां आमका जमाचां नाय."

"पण भात कुठला आणि भुसा कुठला, हेच तर माहीत नव्हतं ना, शेवंतीताई," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या भावाला याचा उपयोग झाला असता की नाही, हे आता मलाही सांगता येणार नाही. आणि कुणालाच नाही."

आते पायरी उतरून जीपकडे चालायला लागली. माझ्या शेजारून गेली, पण थांबली नाही.

पप्पांची करंगळी गेली, पाऊल वाचलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर गोष्ट पावलावर थांबली नसती. दवाखान्यात पप्पा सगळ्यांशी बोलायचे. नर्सशी, झाडूवाल्याशी, शेजारच्या कॉटवरच्या आजोबांशी तर तास तासभर. माझ्याशी नाही. मी डबा ठेवायची, ते भिंतीकडे वळायचे. बिनसाखरेचा चहा यायचा, त्याकडे ते असं बघायचे की जणू मीच त्यातली साखर काढून घेतलीय. मी पण हट्टाने रोज जात राहिले. एकदा त्यांनी तो चहा पिऊन कप खाली ठेवला आणि भिंतीलाच विचारावं तसं विचारलं,

"तुजो आवाज येवडो मोठो कदी झालो गो?"

"तुमी पुडी खाय होतात, तेवा."

माझ्याकडे केलेली त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतायत. हसत होते.

वाडी मात्र हसली नाही. प्रयोग बंद पडला, भुकटीच्या शेडची गोष्ट हवेत विरली, आणि वामनकाकांनी ज्या बायकांना न आलेली कामं वाटली होती त्यांची ती कामं माझ्यामुळे गेली. पाणवठ्यावर मी आले की बोलणी थांबायची. माझ्या जिवलग मैत्रिणीच्या आईने तिला शाळेच्या रिक्षात माझ्या शेजारी बसू नको म्हणून सांगितलं. ती बसली, पण रिक्षाबाहेर बघत. मॅडम परत आल्या त्या पार पावसाळा सरल्यावर, आणि त्या वेळी त्यांनी वेगळीच शक्कल काढली: आमच्या अख्ख्या वाडीला एकच रंग, आणि दुसरा रंग खाडीपलीकडच्या वाडीला. मध्ये खाडी. आता करा वाटे. तो प्रयोग आज मी दहावीत असतानाही चालू आहे, उत्तर अजून कोणालाच माहीत नाही, आणि खाडीपलीकडे माहेर असलेल्या सुनांच्या पिशव्या आते स्वतः तपासते. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा तर मॅडम परत येतील असं कोणालाही वाटत नव्हतं.

पप्पा दवाखान्यातच होते आणि रविवार आला. मम्मी म्हणाली, या वेळी जाऊ नकोस रापणीला. कशाला उगाच. मला तिचं म्हणणं कळत होतं. म्हणूनच मी गेले.

होडी जाळं टाकून परत आली होती. दोन्ही दोऱ्यांवर माणसं उभी होती. मी नेहमीच्या जागी गेले, तर पुढचा आणि मागचा, दोघेही एकमेकांकडे असे सरकले की मध्ये माझा हात शिरेना. पुढे गेले, तिथेही तेच. कोणी 'जा' म्हणालं नाही. फक्त दोरी जणू सगळीकडे भरलेली होती. मग मी पार शेवटी गेले, जिथे दोरी वेटोळं होऊन वाळूत पडते, जिथे लहान पोरंसुद्धा उभी राहत नाहीत कारण तिथे ओढायला काही उरतच नाही. ती ओली, खरखरीत दोरी मी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. हातांची सालं निघाली. 'ओढा रे' म्हणून पुढून आरोळी आली की मीही आरोळी दिली, सगळ्यात मोठी. काहींनी मागे वळून बघितलं. बघू देत.

जाळं वर आलं. पेडवे भरपूर, बांगडे थोडे, एक-दोन सौंदाळे. आतेने पदर खोचला आणि वाळूवर वाटे लावायला सुरुवात केली. माणसांकडे एक नजर, मासळीकडे एक नजर, की हात चालू. एकेक जण पुढे येऊन आपला वाटा पाटीत भरायला लागला. मी तिथून निघून गेले नाही, आणि पुढेही गेले नाही. वाटे कमी होत गेले. शेवटी वाळूवर दोन वाटे राहिले आणि घ्यायला उभी फक्त मी.

"ह्ये कोणाचे?" वामनकाकांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"एक बाळग्याचो," आते म्हणाली. "दवाखान्यात आसलेल्याचो वाटो ऱ्हवता." आजारी माणसाचा वाटा राहतो, हाही नियमच आहे; त्यावर कोणी काही बोलू शकत नव्हतं.

"आणि ह्यो?"

आते सरळ उभी राहिली. कमरेवर हात, कोपरापर्यंत खवले चिकटलेले.

"तिचो हात दोरीक होतो की नाय होतो?"

वामनकाकांनी समुद्राकडे बघितलं. बाकीच्यांनी वाळूकडे. कोणीही 'नव्हता' म्हणालं नाही. म्हणणार कसं, माझी आरोळी सगळ्यांच्या कानांत होती.

मी पुढे होऊन माझ्या वाट्याजवळ बसले. पाटीत भरणार एवढ्यात आते वाकली. तिने माझ्या वाट्यावर नजर फिरवली, शेजारच्या पप्पांच्या वाट्यावर फिरवली, भुवया आक्रसल्या, आणि माझ्या वाट्यातला एक बांगडा उचलून परत घेतला.

"एक जास्त पडलो," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा. शेडमध्ये नाही, दवाखान्यात नाही, दोरीवर कोणी जागा दिली नाही तेव्हाही नाही. तिने तो बांगडा तसाच ठेवला असता तर ती माझ्यावरची दया झाली असती. आता तो वाटा होता. वामनकाकांच्या वाट्याएवढाच, ना कमी ना जास्त.

"रडतंस काय," आते म्हणाली. "उचल. बापसाक आज सार नको, भाजून दी. आणि भात एकच मूठ."

मी दोन्ही वाटे एका पाटीत भरले, पाटी डोक्यावर घेतली. घरी जायची जवळची वाट सुरूच्या झाडांमधून आहे. मी लांबच्या वाटेने गेले, वामनकाकांच्या दारावरून, आणि पाटीतलं खारं पाणी त्यांच्या सारवलेल्या अंगणाच्या कडेकडेने घरापर्यंत ठिबकू दिलं.